सावडीतली ड्यूटी

ड्यूटी हा शब्द आष्टीच्या मुलखात पहिल्यांदा मी आणला. दुसरं कुणी काही सांगत असेल तर तो खोटं बोलतो. माझ्याआधी आमच्याकडे चाकरी होती, वेठ होती, ड्यूटी नव्हती. मी निजाम सरकारच्या जकात नाक्यावर शिपाई होतो, नगरकडच्या वाटेवर, अगदी सरहद्दीला. ओढ्यापलीकडे इंग्रजांचा मुलूख. तिथल्या शिपायाला मी गप्पांना बोलावलं की तो छाती काढून म्हणायचा, येता येत नाही, ड्यूटी आहे. मला शब्द फार आवडला. चिमूटभर तंबाखू देऊन मी तो अलीकडे आणला आणि जकातही भरली नाही.

नाक्यावर आडवा बांबू होता. तो असा तसा बांबू नव्हे. तो खाली आला की वावटळसुद्धा अलीकडेच थांबून माझ्याकडे बघायची. जकात भरल्याची चिठ्ठी बघून तो वर करायचा आणि मग खाली करायचा, हे माझं काम.

त्याच साली माझ्या लग्नाचं चाललं होतं. मुलगी मला पसंत होती, मी तिला पसंत असल्याचं तिच्या मावशीकडून कळलं होतं. अडून बसला होता तिचा बाप. कोसभरावरच्या गावातला शेतकरी. हा माणूस रानात उतरला की शेजारच्या वावरातली ज्वारी भीतीनं आपोआप मुळासकट उपटून यायची. त्यानं मला विचारलं, काय काम करतोस? मी ऐटीत म्हणालो, ड्यूटी.

"त्यात उचलायचं काय असतं?"

"बांबू."

"आन् ठिवायचं?"

"त्योच बांबू."

"आमची म्हैसबी दिसभर शेपटी वरखाली करती," तो म्हणाला. "तिला पोरगी दिऊ का?"

तेवढ्यात ज्वारीची काढणी आली. काढणी आमच्याकडे सावडीनं व्हायची. आज सगळे माझ्या रानात, उद्या सगळे तुझ्या रानात, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. मुलीच्या बापानं निरोप धाडला, जावई व्हायचं असेल तर सावडीला ये, नाहीतर आम्ही दुसरं स्थळ बघतो. इकडे आमचा दरोगा केव्हाही घोड्यावरून टपकायचा, आणि नाका रिकामा दिसला की शिपायाचा पट्टा तिथंच उतरवून घ्यायचा. म्हणजे गेलो तर नोकरी जाणार, न गेलो तर नवरी.

मी त्यांच्या गावच्या लिंबाखाली जाऊन हे सगळं मांडलं. तिथं इंग्रजांच्या पलटणीतून परतलेला एक हवालदार बसलेला होता. मुलीच्या बापानं त्यालाच विचारलं, ही ड्यूटी म्हणजे आहे तरी काय, आणि आली कुठून? हवालदारानं मिशी पुसली. पलटणीतल्या पाद्र्याकडून त्यानं ऐकलं होतं की साहेबाच्या भाषेत शब्द फार जुना, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे देणं. आपण दुसऱ्याचं जे देणं लागतो, ते काम म्हणजे ड्यूटी.

मुलीच्या बापाचा चेहरा उजळला.

"मंग ही सावडच की. ह्यो सरकारचं देणं फेडतोय, मी ह्याचं फेडतो. उद्या ह्यो माझ्या रानात, मी ह्याच्या बांबूवर."

लिंबाखालच्या एकाही शहाण्याला यात काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही. देणं म्हटलं की ते कुणीही फेडावं, हा आमच्याकडचा रोकडा हिशेब.

दुसऱ्या दिवशी मुलीचा म्हातारा बाप नाक्यावर बसला आणि मी त्याच्या रानात उतरलो. ज्वारी अशी उपटली की माझ्या पेंढ्यांची गंज हैदराबादेतून दिसली असेल. तळहाताला फोड आले, फोडांना फोड आले. दुपारी एक गाडीवान ओरडत आला, दरोगासाहेब नाक्यावर आलेत आणि म्हाताऱ्यानं त्यांनाच अडवलंय. मी पळत सुटलो. वाटेत एक ससा आडवा आला, तो मागं पडला.

नाक्यावर दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. निम्म्या गाड्या मुलीच्या गावच्या, नगरच्या बाजाराहून परतणाऱ्या. बांबू खाली, बांबूपाशी माझा पट्टा खांद्यावर घालून म्हातारा, पलीकडे घोड्यावर दरोगा. घोड्यानं कंटाळून नाक्याच्या झोपडीचं छप्पर खायला घेतलं होतं. बांबू उचल, असं दरोगा सांगून दमला होता. म्हातारा एकच बोलत होता, चिठ्ठी दाखवा, मग जा.

शेवटी दरोग्यानं मला पाहिलं आणि म्हाताऱ्याला विचारलं, "हा इथला शिपाई. तू याचा कोण?"

म्हातारा ‘कुणी नाही’ म्हणाला असता, तर पट्टा गेला होता.

"जावई हाय माझा," म्हातारा म्हणाला. "सावडीत माझ्या रानात गेलता. त्याचं देणं मी हितं फेडतोय. एक गाडी बिनचिठ्ठीची गेली आसंल तर सांगा."

गाड्यांवर चुळबूळ झाली. आपण काय बोलून बसलो हे म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं, त्याच्या मिशा जागच्या जागी थांबल्या. पण अख्ख्या गावानं ऐकलं होतं.

मग दरोग्यानं खिशातून स्वतःच्या नेमणुकीची चिठ्ठी काढून दिली. म्हाताऱ्यानं ती उलटी धरून नीट पाहिली आणि बांबू वर केला. जाता जाता दरोगा मला एवढंच म्हणाला, रजा हवी तेव्हा घे, फक्त याला बसवून जा.

धूळ खाली बसल्यावर म्हाताऱ्यानं माझा हात उलटा करून फोड बघितले.

"रान किती ऱ्हायलं?"

"ज्वारीची चार ताटं," मी बेधडक सांगितलं. अर्धं रान उभं होतं.

"मंग जा, काढ ती. हळदीच्या आधी रान मोकळं पायजे."

आणि पुढची गाडी आली तसा त्यानं बांबू खाली घेतला.