कुजबुजीच्या मापाचे पंखे

छोटी बेचाळीस वर्षांची होती. कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते, तरी घरात ती छोटीच, कारण तिच्याआधी दादा जन्माला आला होता आणि मोठेपणा काही त्यानं कधी खाली ठेवला नव्हता. तिचा धंदा असा की, अजून न बांधलेली घरं ती संगणकावर उभी करून दाखवायची. खिडकीतून आत येणारं ऊन, जिन्याची पायरी, सोफ्यावरची उशी, सगळं अगदी हुबेहूब. बिल्डर मंडळी ती चित्रं दाखवून मोठाली घरं विकायची, आणि ती काढणारी बाई राहायची एका खोलीत अन् खोलीला चिकटलेल्या स्वयंपाकघरात. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

त्या खोलीत एका भिंतीला टेबल आणि मशीन, समोरच्या भिंतीला अण्णांचा बिछाना. मध्ये सहा पावलं. अण्णा म्हणजे तिचे वडील. चाळीस वर्षं त्यांनी कापडदुकानात काढलेली, आणि ती नोकरी म्हणजे निव्वळ बोलण्याची. गिऱ्हाईक नुसतं पाऊस थांबेपर्यंत आत शिरलेलं असलं तरी अण्णा त्याला शर्टपीस घ्यायला लावत. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि मागे उरली ती फक्त कुजबुज. डॉक्टरांनी बजावलं होतं, आवाजाला जोर लावायचा नाही. छोटीनं हाताशी घंटी आणून दिली, तर म्हणाले, "मी काय हॉटेलातलं गिऱ्हाईक आहे?" घंटी उशाशी पडून राहिली.

आणि समोर ते मशीन. चित्रं तयार करताना ते इतकं तापायचं की साध्या पंख्यानं भागत नसे, म्हणून छोटीनं त्यात पाणी खेळवलं होतं. पाणी आतली उष्णता घेऊन नळीतून वरच्या रेडिएटरमध्ये यायचं, आणि पातळ पत्र्यांच्या त्या जाळीवर तीन पंखे वारा मारून त्याला थंड करायचे. व्यवस्था उत्तम होती. फक्त काम जोरात सुरू झालं की शेजारच्या घरात दिवसभर मिक्सर चालू असावा तसा आवाज यायचा. छोटीच्या तो कानात मुरला होता. आपल्याला तो ऐकूच येत नाही, असं ती अभिमानानं सांगायची.

एका मंगळवारी सकाळी अण्णा न्हाणीघरात घसरले. दार सताड उघडं होतं, छोटी दहा पावलांवर होती. वीस मिनिटांनी चहासाठी उठली तेव्हा तिला ते दिसले, भिंतीला टेकून फरशीवर बसलेले, एक चप्पल हातात.

"हाक का नाही मारली?" ती ओरडलीच.

"मारली की," ते कुजबुजले.

"किती वेळा?"

"मोजल्या नाहीत."

हाड मोडलं नव्हतं, मांडी तेवढी काळीनिळी झाली. पण छोटीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. वीस मिनिटं बाप हाका मारतोय आणि आपण कुणाच्या तरी दिवाणखान्यात पडदे लावत बसलोय, हे काही तिच्या मनातून हटेना.

दादाला फोनवर सांगितलं तर त्यानं एक घाव दोन तुकडे केले. "रविवारी येतो आणि अण्णांना घेऊन जातो. इथे दिवसभराची बाई ठेवू. तुझ्या त्या यंत्रापुढे त्यांचं काही ऐकू यायचं नाही." दादा वाईट नव्हता. त्याच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून तर ते जास्त झोंबलं.

अण्णांनी सगळं ऐकलं आणि कपाटातून आपले सदरे काढले. पलंगावर ठेवून एकेकाची घडी मोडली, परत घातली. छोटीनं मशीन बंद केलं तेव्हा म्हणाले, "जावं लागलं तर जाईन. पण विचारशील तर मला जायचं नाही. तिथे मी कुणाशी बोलू?"

"तुम्ही कुठेही जात नाही," छोटी म्हणाली. "जाईल तर हा आवाज जाईल."

मशीन स्वयंपाकघरात हलवावं तर तिथे शेगडी आणि वाफ. अण्णांच्या उशाशी माइक लावून पाहिला, तर त्यानं कुजबुज सोडून पंख्यांचीच घरघर इमानेइतबारे तिच्या कानात ओतली. तेव्हा बुधवारी ती उठली आणि बाजारातून नवे पंखे घेऊन आली. खोक्यावर जिथे आवाजाचा आकडा सगळ्यात कमी आणि वाऱ्याचा सगळ्यात जास्त, ते तिनं उचलले. हातात धरून चालवला तर केस उडवणारा वारा आणि आवाज म्हणाल तर जवळजवळ नाहीच. छोटी खूश.

गुरुवारी रेडिएटरवर लावले आणि बडा घर पोकळ वासा निघाला. पाणी तापत चाललं, तसा मशीननं पंख्यांचा वेग वाढवला, तरी पाणी तापतच राहिलं, आणि तासाभरात ते तीन सभ्य पंखे जुन्यांपेक्षा मोठ्यानं बोंबलायला लागले. जाळीच्या पलीकडे हात धरला तर वारा नावाला. अलीकडे धरला तर पंख्याच्या मधल्या भागातून तो उलटा परत येतोय. छोटीनं कपाळाला हात लावला आणि मशीन बंद केलं.

"दाट विणीचं आहे ते," शांततेत अण्णांची कुजबुज आली.

"काय?"

"तुझी ती जाळी." त्यांनी कपाटातून आपला जुना जाड कोट काढायला लावला, त्याची बाही तोंडापुढे धरली आणि तिला पलीकडे तळहात धरायला सांगितला. आधी तोंड मोठं उघडून श्वास सोडला. तळहाताला काहीच लागलं नाही. मग ओठांचा चंबू करून, दम धरून, बारीक फुंकर मारली. छोटीच्या तळहातावर गार झुळूक आली.

"दुकानात वीण अशीच बघायचो," ते म्हणाले. "विरळ कापडातून कुणीही फुंकेल. दाट असलं की वारा किती आहे ते विचारायचं नाही, रेटा किती आहे ते विचारायचं."

छोटीनं खोकं पुन्हा उलटंसुलटं केलं. वाऱ्याच्या आकड्याखाली, बारीक अक्षरांत, दाबाचा आकडा होताच. इतका लहान की छापणाऱ्यालाही त्याची लाज वाटली असावी. पंधरा वर्षं या यंत्रांशी लग्न लागल्यासारखं राहून आपण तो वाचला नाही, याची तिला अशी चीड आली की त्या भरात तिनं रेडिएटरमधलं पाणी काढलं आणि शुक्रवारी पंख्यांचं ते दुकान उघडायच्या वेळेला तो पिशवीत घालून दारात हजर झाली.

दुकानदार जाड भिंगांचा, सावकाश हलणारा माणूस. "बाई, आता हे काय?"

"पंखे मोकळ्यावर नाही बघायचे. यावर लावून बघायचे. एकेक."

"खोकी उघडली तर घ्यावी लागतील."

"घेणारच आहे, पण बरोबरचे."

तिनं रेडिएटर काउंटरवर उभा केला, मागे टिश्यूपेपरची पट्टी चिकटवली आणि बसली. अट एकच, पंखा हळू फिरवायचा. हळू फिरतानाही पट्टी हलली पाहिजे. पहिले तीन दिसायला राजबिंडे होते, आत रंगीत दिवे, बारीक लांब पाती. पट्टी मेल्यासारखी लटकून राहिली. चौथ्याला जरा थरथरली. पाचवा रुंद पात्यांचा, पाती एकमेकांवर चढलेली आणि चौकटीला इतकी जवळ की मधून कागद जाईल न जाईल. त्यानं पट्टी आडवी केली. दुकानदारानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि बिलबुकाकडे हात नेला.

"थांबा," छोटी म्हणाली. "हा कुईं करतोय."

"बावीस डेसिबल लिहिलंय हो."

"लिहिलं असेल. मी मोजायला नाही आले, ऐकायला आलेय. तुम्ही सहा पावलं मागे जा आणि हळूच काहीतरी बोला. घसा न वापरता."

दुकानदारानं तिच्याकडे असं पाहिलं, की बाई सकाळी काही खाऊन आलीय ना. पण भला माणूस. तो मागच्या मांडणीपाशी गेला आणि खोक्यांवरची नावं कुजबुजायला लागला. छोटी त्याच्याकडे पाठ करून बसली. तिला त्यातलं निम्मं कळलं नाही. पंखा मोठा नव्हता, पण त्याची ती बारीक कुईं नेमकी शब्दांच्या कडा खात होती. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं, मालक भिंतीशी कुजबुजतोय आणि बाई त्याच्याकडे पाठ करून डोळे मिटून बसलीय हे बघून आल्या पावली परत गेलं.

"गेलं ते," दुकानदार खिन्नपणे म्हणाला.

"हे नीट ऐकू आलं. कारण मोठ्यानं बोललात. सहावा लावा."

सातवा पंखा कळकट राखाडी होता. दुकानदारानं तो आणावा की नाही असं करत आणला. "यात दिवेबिवे काही नाहीत हं."

पाती रुंद, फट नसल्यासारखी. पट्टी आडवी झाली आणि तशीच राहिली. आवाज होता, नाही असं नाही, पण सपाट आणि खालचा, लांबून येणाऱ्या वाऱ्यासारखा. दुकानदार मागे जाऊन कुजबुजला आणि छोटीनं पाठ न वळवता शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला. तेवढ्यावर ती थांबली नाही. एक गप्प असला म्हणून तिघं मिळून गप्प बसतीलच असं नाही, म्हणून तिन्ही एकदम लावायला लावले. त्याच्या कुजबुजण्यात शेवटी होतं, "बाई, माझं दुकान बंद व्हायची वेळ आणाल." तिनं तेही म्हणून दाखवलं आणि तिन्ही घेतले.

शनिवार सगळा जोडण्यात गेला. पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीतून रेटा निसटू नये म्हणून तिनं फोमच्या पट्ट्या कापल्या, अण्णांनी त्या शिंप्याच्या नजरेनं सरळ आहेत का ते पाहिलं आणि दोन परत कापायला लावल्या. स्क्रूखाली रबर घातलं. वेग एकच ठेवला, चढउतार नाही. संध्याकाळी सगळ्यात अवघड चित्र लावून दिलं, तर पाणी जिथे थांबायला हवं तिथे थांबलं.

रविवारी दहाला दादा आला. हातात अण्णांसाठी आणलेली रिकामी बॅग. पाणी प्यायला, बसला, अण्णांच्या मांडीची चौकशी केली आणि म्हणाला, "बरं, ते मशीन सुरू कर म्हणजे एकदाचं कळू दे."

"सकाळी सातपासून सुरूच आहे," छोटी म्हणाली.

दादानं उठून रेडिएटरवर हात धरला. ऊबदार वारा लागला. पण लगेच ऐकेल तर तो दादा कसला. "तुला सवय झालीय. मी तुझ्या जागी बसतो. अण्णा, तुम्ही तिथून बोला."

तो खुर्चीत पाठ करून बसला. छोटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. दुकानात दुकानदार कुजबुजला होता, अण्णा नव्हते, आणि नवे पंखे लावल्यापासून ती स्वतः त्या खुर्चीत पाठ करून बसलीच नव्हती. अण्णांचा घसा आज किती साथ देईल हे कुणाच्या हातात नव्हतं.

अण्णा त्या खुर्चीकडे बघत होते. मग बोलले, अगदी हळू, रोजच्यासारखं.

"दोन तास झाले गं पोरी. जरा उठ, पाय मोकळे कर. पाणीही प्यायली नाहीस."

दादा वळला. "हे मला म्हणताय?"

अण्णा ओशाळले. "नाही रे. ती खुर्ची पाठमोरी दिसली की सवयीनं येतं तोंडात."

"सवयीनं म्हणजे?" छोटीनं दारातून विचारलं.

"रोज म्हणतो की. दर दोन तासांनी."

"आठ महिने?"

"तुला ऐकू जात नाही हे ठाऊक होतं," अण्णा म्हणाले. "म्हणून आणखीही काय काय बोलायचो. दिवसभर तोंड बंद ठेवायची मला सवय नाही."

पंखे आपल्या खालच्या सुरात चालले होते. दादा खुर्चीतून उठला, बॅग रिकामीच उचलून दाराबाहेर ठेवली आणि डोळे चोळत चहा टाकायला आत गेला.

छोटी खुर्चीत बसली. मशीनकडे तोंड, अण्णांकडे पाठ, नेहमीसारखी.

"बोला आता," ती म्हणाली.

अण्णांना सुरुवात करायला बराच वेळ लागला.