जिथून कुणीच दिसत नाही अशी खोली

मामांचा फोन आला की शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा, "घर बघायला कवा येतीस?" बोरीचं, म्हणजे माझ्या आजोळचं जुनं घर पाडून त्यांनी नवं बांधलं होतं. परीक्षांच्या कामामुळे मला वास्तुशांतीला जाता आलं नव्हतं. जुनी देवळं बघत हिंडायचा माझा छंद तुम्हाला ठाऊक आहे. चारठाणा बोरीच्याच वाटेवर येतं. देवळंही होतील आणि घरही होईल, असं म्हणून एका शनिवारी सकाळी मी संभाजीनगरहून एसटीत बसले.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. जालना, मंठा करत जिंतूरकडे जाणारी गाडी धरावी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला झळ बसत नाही. मंठ्याला गाडी थांबते, तिथे गरम भजी मिळतात, पण पाणी घरूनच न्यावं. चारठाण्याच्या फाट्यावर उतरलं की गावात जायला रिक्षा मिळते. वीस-तीस रुपये घेतात. गावात राहायची सोय नाही, ती जिंतूरला किंवा परभणीला बघावी लागते.

चारठाण्याची देवळं यादवांच्या काळातली. नक्षीचा तो उंच स्तंभ बघायला लोक लांबून येतात, पण माझं मन रमलं ते एका देवळाच्या मंडपात. मंडप तिन्ही बाजूंनी मोकळा, आणि कडेनं पाठ टेकायला दगडी बाकं. कुठंही बसलं तरी सगळ्यांची तोंडं एकमेकांकडे. दोन बायका तिथं तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी विचारलं, "रोज इथंच बसता का?"

एक म्हणाली, "मग? घरात बसून भिंतीसंगं बोलावं का बाई?"

दुसरी हसली आणि मला दोन मुठी शेंगा दिल्या. त्या खात मी जिंतूर गाठलं आणि तिथून परभणीच्या गाडीनं बोरीला उतरले.

आता जुन्या घराबद्दल सांगायला हवं, आणि त्याआधी महानंदा मावशीबद्दल. ती आईची धाकटी बहीण. लहानपणापासून तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. लग्न झालं नाही. ती मामांकडेच राहिली आणि शिवणकामावर स्वतःचं भागवत राहिली. शाळेत ती गेली नाही. तिची भाषा हातांची. ती तिला कुणी शिकवली नव्हती, घरानं आणि गल्लीनं मिळून वर्षानुवर्षं घडवली होती.

जुन्या घराची रचनाच तशी होती. पुढे गल्लीला लागून मामांचं किराणा दुकान, त्याला जोडून उघडी ओसरी, आत अंगण, आणि अंगणापलीकडे बिनदाराचं स्वयंपाकघर. मावशीचं शिलाई मशीन ओसरीत. तिथून तिला डावीकडे गल्ली दिसायची, उजवीकडे चुलीपुढची मामी दिसायची आणि समोर गिऱ्हाईक. दुकानाच्या फळ्यांवर कुणी पाय ठेवला की ती थरथर मशीनपर्यंत यायची आणि मावशी मान वर करायची. कुणाचा पाय आहे, हेही तिला बऱ्याचदा कळायचं. समोर बांगड्यांचं दुकान होतं. तिथल्या शमीमभाबी आणि मावशी दिवसभर गल्लीच्या दोन बाजूंवरून हातांनी गप्पा मारायच्या. सगळ्या गल्लीला ही भाषा यायची. अंगठा आणि बोट चोळलं की साखर, मनगटाभोवती बोट फिरवलं की भाबी, मिशीला पीळ दिला की सरपंच. सुट्टीत आम्ही मुलंही आठवडाभरात शिकायचो. मावशी गावातली सगळ्यात जास्त बातम्या असलेली बाई होती. हसायला लागली की तिच्या गळ्यातून एक जाडसर आवाज निघायचा आणि तो ऐकून सगळी ओसरी हसायची.

नवं घर दोन मजली आहे आणि खरोखर देखणं आहे. रस्ता रुंद झाला, समोरची दुकानं स्टँडकडच्या गाळ्यांत गेली, मामांचंही तिकडेच गेलं. आता पुढे धुळीसाठी डोक्याइतकी उंच भिंत आणि लोखंडी गेट. आत हॉल, छताला नक्षी, मग एक बोळासारखा पॅसेज आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दारं.

"ये बाई, ये," मामा म्हणाले. "लय दिसानं आलीस. चपला राहू दे, फरशी बग आधी."

त्यांनी मला सगळं दाखवलं. स्वयंपाकघराला दार आहे आणि ओटा भिंतीकडे तोंड करून आहे. पॅसेजच्या अगदी टोकाला ते थांबले.

"ही महानंदाची. घरातली सगळ्यात चांगली खोली हाय. संडास-बाथरूम लगत, म्हातारपणी घसरू नये. उन्हाळ्यात गार ऱ्हाते. आवाज न्हाई, धूळ न्हाई."

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरू शकत नाही. बहिणीसाठी काहीतरी मोठं केल्याचा आनंद होता तो.

त्यांनी दार ढकललं. मावशी पलंगावर पाठमोरी बसली होती. आम्ही आत आलेलं तिला कळलं नाही. नव्या फरशीवर आमच्या पावलांची थरथर तिच्यापर्यंत पोचत नव्हती. मामांनी खांद्यावर हात ठेवला तशी ती किंचाळून भिंतीला चिकटली. मग मला पाहिलं, ओळखलं, हसली, पण छातीवर ठेवलेला हात बराच वेळ तसाच राहिला.

"आता असंच करती," मामा म्हणाले. "लय भित्री झालीय."

खिडकीला खरबरीत काच आहे, कारण पलीकडे शेजाऱ्याची भिंत. कोपऱ्यात मशीन, त्यावर चादर, चादरीवर घडी केलेले कपडे. मी हातांनी विचारलं, शिवत नाहीस? तिनं गेटकडे बोट केलं, बेल दाबल्यासारखं केलं, कानाला हात लावला आणि हात झटकून दिला.

संध्याकाळी येसरची आमटी, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. चव तीच, पण आम्ही जेवलो ते भिंतीला लावलेल्या टेबलावर, सगळे एका रांगेत. मावशीचं ताट खोलीत गेलं. मामांची सून प्रियंका ते नेत होती. गुणाची मुलगी आहे. मी तिला विचारलं, "मावशींशी बोलतेस का गं?"

"मला त्यांचं कळत न्हाई, ताई," ती ओशाळून म्हणाली. "जेवण झालं का, एवढंच खुणेनं इचारते. शिकायचं म्हणलं तरी कवा? स्वयंपाकघरात मी भिंतीकडं तोंड करून असते, त्या तिकडं खोलीत. कुणी बोलताना दिसतच न्हाई, मग शिकणार कुणाचं बघून?"

मामीही म्हणाल्या की त्यांचं अर्धं विसरायला झालंय. सरपंचाची खूण त्यांना चटकन आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, खाता खाता मी मामांपुढे विषय काढला. स्वयंपाकघर आणि मावशीची खोली यांच्यामधली भिंत काढता येईल का? निदान मोठी खिडकी? मामांना पटलं नाही, पण भाचीचा शब्द म्हणून त्यांनी घर बांधलेल्या गुत्तेदाराला बोलावलं. त्यानं भिंतीवर हात फिरवला.

"ताई, ह्यात दोन कॉलम हायेत, आणि वरच्या संडासचे समदे पाइप ह्याच भिंतीतून उतरलेत. फोडायची म्हणलं तर वरचं बी उकरावं लागतंय."

"मग दुसरी कुठली खोली देता येईल तिला?" मी विचारलं. "हॉलला लागून?"

मामा माझ्याकडे वळले. "आन् तिला जिना चढायला लावू? का हॉलमधी झोपवू, पाव्हण्यांपुढं? मी काय वाईट केलं गं तिचं? तिच्यासाठी म्हणून ही खोली आधी आखली, आमची नंतर. लोक बहिणीला गोठ्यात ठेवत्यात."

त्यांनी काहीच वाईट केलं नव्हतं. घरात कुणीच काही वाईट केलं नव्हतं.

मग मी दुसरा उपाय केला. प्रियंकाला हाताशी धरून मशीन बाहेर आणलं, गेट सताड उघडलं आणि मशीन थेट गेटमध्ये रस्त्याकडे तोंड करून मांडलं. मावशी आधी नको नको म्हणाली. मग बसली. तेल घातलं, सुई ओवली, माझ्या ओढणीचा उसवलेला काठ घेतला. पाय चालू लागला तशी तिची पाठ सरळ झाली. ती सारखी मान वर करून बघायची. मोटरसायकली जात होत्या, ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला. लोक बघायचे आणि निघून जायचे. या रस्त्यावर आता कुणी थांबत नाही, थांबायला काही उरलेलंच नाही.

मी स्टँडवर जाऊन शमीमभाबींना घेऊन आले. गुडघे धरत, थांबत थांबत त्या आल्या. गेटमध्ये दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि हात सुरू झाले. इतके भरभर की मला निम्मं कळेना. मावशी तो जाडसर आवाज काढून हसली. मामी पदर तोंडाला लावून दारात उभ्या राहिल्या. प्रियंका डोळे मोठे करून बघत होती. या बाईला इतकं बोलायचं असतं, हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

मग मावशी एकेकाची खूण करून विचारू लागली. मिशीला पीळ. भाबींनी आकाशाकडे बोट केलं. सोनाराची खूण. पुन्हा आकाश. पाटी डोक्यावर घेणारी भाजीवाली. भाबींनी हात लांब केला, म्हणजे पुण्याला, मुलाकडे. डॉक्टरचा मुलगा. लांब. विचारता विचारता मावशीचे हात हळू होत गेले. सगळ्यांचं विचारून झालं आणि ते मांडीवर पडले.

"बहन, अब मेरेसे बी चलना नै होता," भाबी जाताना मला म्हणाल्या. "वो गली थी तो बैठे बैठे बात हो जाती थी. रोज कैसे आऊँ?"

त्या गेल्या. एक खडीचा ट्रक गेला आणि धुळीचा लोट आत आला. मावशीनं ओढणीवरची धूळ झटकली, काठ पुरा केला, दोरा तोडला आणि स्वतःच मशीन आत ओढायला लागली. मी तिला अडवलं. उद्याही बस, रोज बस, असं हातांनी सांगितलं. तिनं माझा हात बाजूला केला.

खोलीत गेल्यावर तिनं मला पलंगावर बसवून सांगितलं. अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. दार उघडं असलं की डोळे तिकडे जातात. डोळे वाट बघतात. कुणी येत नाही. छातीवर मूठ, इथं दुखतं. दार बंद असलं की, तळहात गालाला, झोप. मग उठून तिनं माझ्यासमोर दार लावलं आणि शांतपणे माझ्याशेजारी येऊन बसली. आम्ही दोघी त्या गार, स्वच्छ खोलीत खरबरीत काचेकडे बघत बसून राहिलो.

सोमवारी बोरीहून एसटीनं परभणीला आले. रस्ता आता बराच बरा आहे. परभणी स्टेशनवरून संभाजीनगरकडे दिवसा गाड्या मिळतात, सुट्टीला लागून जाणार असाल तर आरक्षण करा. सेलूपर्यंत मी खिडकीशी बसून रडले. समोरच्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

घरी आल्यावर मी बऱ्याच जणांना विचारलं. एका ओळखीच्या वास्तुविशारदानं सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला की घर बांधण्याआधी कुणी सांगितलं असतं तर भिंतीच कमी ठेवल्या असत्या, खर्चही कमी आला असता. पण तेव्हा कुणाला काय सांगायचं होतं? जुन्या घरात मावशीला काहीच कमी नव्हतं, त्यामुळे तिला कशाची गरज आहे हे कुणाला कधी कळलंच नाही. तिलाही नाही. प्रियंकाला मी खुणांचे व्हिडिओ काढून पाठवले. तिनं थोडे पाहिले, मग तिला दिवस गेले आणि ते राहिलं. कर्णबधिरांच्या संस्थेत न्यायचं सुचवलं, तर मामांनी फोनच ठेवला.

चारठाण्याला जरूर जा. मंडपात बसा. बोरीत बघण्यासारखं काही नाही, असं तिथले लोकच सांगतील.

परवा मामांशी बोलणं झालं. आवाज खुशीत होता. नातू होणार म्हणून वरचा मजला रंगवायला काढलाय. मी मावशीचं विचारलं.

"लय चांगली हाय गं," मामा म्हणाले. "आदी जरा चिडचिड करायची, आता एकदम शांत झालीय. हात बी हलवत न्हाई."