गावंडे सर मागच्या बाकावर

बोरी अरबच्या शाळेत मी रुजू झालो त्या दिवशी आठवीच्या वर्गावरून जाताना थबकलो. फळ्यापाशी दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी राहून गणित सोडवत होती. तिच्या रिकाम्या जागेवर, मुलींच्या बाकावर, पांढऱ्या मिशांचा एक आडवा माणूस गुडघे कसेबसे कोंबून बसला होता आणि वहीत उतरवून घेत होता. मला वाटलं, हे एखाद्या मुलीचे वडील असावेत. मी विचारलं, “वर्गशिक्षक कुठे आहेत?” सगळा वर्ग हसला. तो माणूस बसल्या जागेवरून म्हणाला, “मीच आहो. सापडलो मी आज, म्हून शिक्षा भोगून राह्यलो.”

गणिताच्या गावंडे सरांची ही पद्धत होती. रोजच्या तासाला ते फळ्यावर एक चूक मुद्दाम करत. कधी बाजू बदलताना चिन्ह तसंच ठेवत, कधी कंस सोडवताना एखादं पद गिळून टाकत. जो ती धरेल त्याच्या हाती खडू द्यायचा आणि सरांनी त्याच्या जागेवर जाऊन बसायचं. त्यामुळे त्यांच्या तासाला वर्ग असा काही ताणून बसलेला असे की बाहेरून जाणाऱ्याचेही पाय थांबत. “धरलं, सर, धरलं!” अशी आरोळी उठली की शिक्षककक्षात आम्हाला कळे, आज सर किती मिनिटं टिकले ते. पैजाही लागत, चहाच्या.

“मास्तर चुकनारच,” ते म्हणत. “पोरगं जागं पायजे.” एकदा मी त्यांना विचारलं, कधी खरोखरच चुकलात तर? ते मिशीत हसले. “पाठक, खरी कोनती अन् खोटी कोनती, हे मी माह्या बायकोलेही सांगत नाही.”

एका जानेवारीत तपासणीला आलेल्या साहेबांनी फळ्यावर तारीख लिहिली आणि सवयीनं मागचंच साल टाकलं. पहिल्या बाकावरून एक मुलगी ओरडली, “धरलं!” मुख्याध्यापकांच्या कपाळावर घाम. गावंडे सर शांतपणे पुढे झाले. “साहेब, आता खडू त्या पोरीच्या हाती द्या अन् तिच्या जागेवर बसा. इथला कायदा आहे.” साहेब क्षणभर पाहत राहिले आणि खरंच जाऊन बसले.

मी यवतमाळच्या एका कारकुनाचा मुलगा. पुस्तकं वाचण्यापलीकडे मला फारसं काही येत नव्हतं. मराठी शिकवायचो, खालच्या आवाजात. सर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, शेतकऱ्याच्या घरातले, आणि का कोण जाणे, त्यांनी मला जवळ केलं.

कापसाचे भाव पडत गेले ती वर्षं पुढे आली. वेचणीला मजूर लावणं घरांना परवडेना, मग घरचीच माणसं शेतात उतरली आणि त्यांच्याबरोबर आमची मुलंही. दिवाळीनंतर वर्ग निम्मे रिकामे. हजेरी अशीच राहिली तर आठवीची दुसरी तुकडी बंद होणार, असं पत्र आलं. तुकडी गेली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, म्हणजे शाळेतली त्याची जागा जाते आणि दुसरी कुठे मिळेपर्यंत तो लटकत राहतो. सेवाज्येष्ठतेच्या यादीत सगळ्यांत खाली माझं नाव होतं.

त्याच सुमारास यवतमाळच्या एका मोठ्या खासगी क्लासनं गावंडे सरांना बोलावणं धाडलं. पगार शाळेपेक्षा बराच जास्त. पण सरांचे डोळे लकाकत होते ते दुसऱ्याच गोष्टीनं. “तिथं म्हनते पोरं फक्त गनितासाठीच येते, पाठक. ना खिचडीचा हिशोब, ना मतदार याद्या. नुसतं गनित! इथं मले अवघड उदाहरनं काढाले भेटतच नाही.” मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “गावंडे गेले तर कमी होणारी जागा तीच धरू. गणिताचं बघता येईल. तुम्ही वाचाल.”

त्यानंतर सरांपेक्षा मीच उतावीळ झालो. त्यांचा सफारी इस्त्रीला मीच टाकला. दोन संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दाराला फळा करून सराव करत होते आणि मी घड्याळ लावून बसलो होतो. नमुना तासाच्या दिवशी एसटीत ते एखाद्या विद्यार्थ्यासारखे पुटपुटत होते. मी त्यांना सतत धीर देत होतो. इतका बोललेलो मी आयुष्यात नाही.

क्लासचा हॉल भला मोठा. पांढरा फळा, माईक, शंभरावर मुलं. मी शेवटच्या बाकावर बसलो. सरांनी एक देखणं, अवघड उदाहरण काढलं आणि त्यांचा आवाज चढत गेला. पहिल्या दोन ओळींतच मला कळलं, हा माणूस आज रंगणार. तिसऱ्या ओळीत त्यांनी बाजू बदलली आणि चिन्ह तसंच ठेवलं.

ते थांबले. वर्गाकडे वळून वाट पाहू लागले. शंभर माना वहीत. पेनांचा सरसर आवाज. सरांनी चौथी ओळ लिहिली, पाचवी लिहिली, चुकीचं उत्तर काढलं. मुलांनी त्या उत्तराखाली पट्टीनं दोन रेघा मारल्या. सरांची नजर बाकांवरून फिरत फिरत शेवटपर्यंत आली आणि माझ्यावर थांबली. मी मान खाली घालून डायरीत काहीतरी लिहू लागलो.

“तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं आहे,” शेवटी ते स्वतःच म्हणाले. “कोणालाच दिसलं नाही?”

पुढच्या बाकावरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, “सर, छापील नोट्स मिळतातच ना.”

संचालक खूष होते. “सर, पहिल्या तारखेपासून या. फक्त ते चुकायचं तेवढं नको. वेळ जातो, आणि पालक मागे बसलेले असतात.”

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले. अर्धी वाट सरली. मग बाहेर पाहतच म्हणाले, “तुले दिसली होती ना?”

“हो.”

“मंग काहून नाही बोलला?”

“बोललो असतो तर त्यांना ते आवडलं नसतं. तुम्हाला घेतलं नसतं.”

“अन् मले घेतलं नसतं, तर तुही जागा गेली असती.”

मी म्हणालो, “हो.”

सर खिडकीकडून माझ्याकडे वळले. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, “खरं बोलला, हे बरं केलं. पन त्या हॉलात माह्या ओळखीचा एकच मानूस होता, पाठक.”

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधीच ते मुख्याध्यापकांच्या खोलीत उभे होते. क्लासला नाही म्हणून कळवून टाकलं होतं. “किती पोरं कमी पडते?” त्यांनी विचारलं. “नऊ.” “नऊच? मी म्हटलं, जास्त असन.” आणि मला म्हणाले, “चाल, बस मागं.”

तिथून पुढचे दोन आठवडे मला आजही जसेच्या तसे दिसतात. त्यांच्या जुन्या मोपेडवर बसून आम्ही शेतं पालथी घातली. सर शेताच्या धुऱ्यावर गाडी टेकवून सरळ कापसाच्या पऱ्हाटीत शिरत. राठोडांच्या शेतात आठवीतल्या सुनीताची आई ओटी बांधून वेचत होती. मान वर न करता म्हणाली, “मास्तर, पोरगी शाळेत आली तर वेचन कोन? तुमी?”

“वेचतो ना,” म्हणत सर खरोखरच बोंडं काढू लागले. “पन बाई, सकाळी कापूस दवानं वला राह्यते. तो सुकेलोक तुमी काय करता?”

“काय करतो? चाय पेतो.”

“मंग तेवढा वेळ पोरगी मले द्या. ऊन चढलं का तुमची तुमाले वापस.”

बाई हसली. म्हणाली, “लय लबाड मास्तर आहा तुमी.”

मुख्याध्यापकांनी वेचणी संपेपर्यंत सकाळच्या शाळेची परवानगी आणली. सातला घंटा होई, थंडीनं मुलांचे दात वाजत, आणि साडेनऊला सगळी शेतांकडे पळत. पहिल्या दिवशी चार परतली, आठवड्यात आठ. हजेरीच्या तपासणीच्या सकाळी सुनीता राठोड वर्गाच्या दारात धापा टाकत उभी राहिली तेव्हा नऊ झाली. साहेब हजेरी घेत होते. गावंडे सर व्हरांड्यात खांबाला टेकून बोटं मोजत होते. ती आत शिरताच त्यांनी माझा हात इतका दाबला की दोन दिवस दुखला.

तुकडी राहिली. मीही राहिलो. त्या एसटीतल्या बोलण्याचा सरांनी पुन्हा कधी उल्लेख केला नाही. निवृत्तीनंतर त्या क्लासनं त्यांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, “आता तर छापील नोट्सही मोबाइलवर भेटते म्हनते. माहं काय काम?”

गेल्या पौषात सर गेले. हृदयविकारानं, शेतातून परतताना. शाळेत शोकसभा झाली. जो तो उठून सांगत होता की गावंडे सरांनी तत्त्वासाठी मोठी नोकरी नाकारली. माझी पाळी आली. मला सभेत बोलता येत नाही, पण त्या दिवशी मी शेवटच्या बाकावरची सगळी गोष्ट सांगितली. कोणासाठी गप्प बसलो होतो तेही सांगितलं. त्यांनी त्या मुलांना गणितासाठी शेतातून परत आणलं आणि माझी नोकरी त्यात वाचून गेली, एवढं बोलून मी खाली बसलो.

 मग बायकांच्या रांगेतून एक जण उठली. सुनीता राठोड. आता दारव्ह्याला अंगणवाडी चालवते.

“पाठक सर, आमी गनितासाठी नोयतो येत,” ती म्हणाली. “इतक्या थंडीत गनितासाठी कोन येते? गावंडे सर मंग एकटेच आमच्या वावरात आले अन् बोलले, तुमी नाही आले तर पाठक सर चालले. म्हून आमी आलो. अन् तुमाले सांगाचं नाही म्हने. ‘सांगतलं, तर तो मानूस तुमा पोरायसमोर मान वर करून उभा राहनार नाही.’”