आयर्लंडचा वासरूचोर

गोंदिया जिल्ह्यातल्या एका चहाच्या टपरीवर बसून मी आयर्लंडचे पोलीस अंथरुणातून उठवले आहेत. खोटं वाटतं? अर्जुनी मोरगावहून आमच्या गावची बस पकडा, फाट्यावर उतरा आणि कोणालाही विचारा, वासरूचोर पकडणारा डॉक्टर कुठं राहतो. घर दाखवतील. दाखवताना हसतील, तेवढं मनावर घेऊ नका.

डॉक्टर म्हणजे गुरांचा, आणि तोही पक्का नव्हे. मी सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. पण चौतीस वर्षं या भागातल्या गोठ्यांमध्ये खांद्यापर्यंत हात घालून अडलेल्या गाई मोकळ्या केल्या, म्हणून लोक डॉक्टर म्हणू लागले. मी कधी चूक दुरुस्त केली नाही. तुम्ही केली असती?

सुजाता माझी एकुलती एक मुलगी. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर सहा महिन्यांत जावई आशिषला आयर्लंडात नोकरी लागली, दोनशे गाईंच्या फार्मवर. शहर नाही, चक्क खेडं. फाट्यावरचा टपरीवाला गोपाळ म्हणाला, "डाक्टर, पोरगी एवढी विमानानं उडाली न् उतरली शेणातच?"

पहिले तीन महिने सुजाता रोज फोनवर रडायची. "बाबा, खिडकीतून नुसतं गवत दिसते जी. आज चार दिवस झाले, यांच्याशिवाय माणूस नाही पाह्यला. शेजारी म्हणजे एक म्हातारी आजी, तेही एक मैलावर. मले वापस याचं आहे."

माझ्या तोंडावर आलं होतं, ये बाई, आजच ये. पण मी खेकसलो. "घरात बसून रडू नोको. गोठ्यात जा. गाई सगळीकडं सारख्याच असतात. दोन महिन्यांत रुळशील."

आणि ती खरंच गोठ्यात गेली. मालकानं पाहिलं, हिचा गाईवर हात बसतो. मुलगी कोणाची आहे? गाई विण्याच्या हंगामात रात्रीची फेरी तिच्याकडे दिली. शेजारच्या आजीनं तिला पाव भाजायला शिकवलं, हिनं तिला भाकरी. रडणं थांबलं. रोजचा फोन दोन दिवसांआड आला, मग रविवारवर गेला. मीच सांगितलं होतं रुळ म्हणून. पोरगी आपलं ऐकते तेव्हा घर इतकं रिकामं होतं, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, आमच्या गोठ्यात कॅमेरा आहे. तुमच्या फोनमध्ये टाकून देते. गाई पाहा, तुम्हाला करमन."

टाकला. चित्र दिसतं, आवाज येत नाही. आमच्याकडे सकाळचे साडेसात म्हणजे त्यांच्याकडे रात्रीचे दोन. बरोबर त्या वेळी पिवळा रेनकोट आणि गमबूट घातलेली सुजाता टॉर्च घेऊन गोठ्यात येते. एकेका गाईच्या पाठीवर हात ठेवते, मागून वाकून पाहते, आणि जाते. सगळं मिळून चार मिनिटं.

त्या चार मिनिटांसाठी मी सात वाजताच टपरीवर जाऊन बसायचो, कारण नेटवर्क तिथंच चांगलं. ती यायच्या आधीही पाहायचो, गेल्यावरही पाहायचो. न जाणो, एखादी गोष्ट विसरली म्हणून परत आली तर? कोणी विचारलं तर सांगायचो, गाईची जात पाहतो आहे. सुजातालाही खरं कधी सांगितलं नाही. बाप एकटा पडला म्हणून तिचं रुळलेलं मन पुन्हा उखडायचं, आणि मग दोघांचे हाल.

तर त्या दिवशी साडेसात वाजले. सुजाता आली नाही. पावणेआठ झाले, तरी नाही. माझा चहा गार झाला. एक काळीपांढरी गाय कोपऱ्यात एकटीच व्याली, छान सुटली, वासराला चाटू लागली. तेवढ्यात एक धिप्पाड माणूस आत आला. टोपी नाकापर्यंत ओढलेली, कपाळावर दिवा. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, ओलं वासरू उचललं, एका चाकाच्या हातगाडीत टाकलं आणि ढकलत निघाला. गाय मागं धावली. त्यानं तिच्या तोंडावर फाटक लावलं. ती मान वर करून हंबरू लागली. आवाज नव्हता, पण मला ऐकू येत होता.

मी ओरडलो, "चोर."

गोपाळ गाळणी हातात घेऊनच धावत आला. बाकावरची माणसं माझ्या डोक्यावर वाकली.

"कोठी चोर?"

"आयर्लंडात. वासरू चोरून नेऊन राहिला."

"मंग पोरीले फोन लावा ना. पाहून काय राहिले?"

सुजाताला लावला, उचलत नाही. आशिषला लावला, तोही उचलत नाही. पोरगी फेरीला आली नाही, फोन उचलत नाही, आणि गोठ्यात चोर. तिला काही केलं तर नसेल त्यानं? मला वासराचं काही नव्हतं हो. मला माझी मुलगी दिसत नव्हती.

मग आठवलं. अडीअडचणीला असू दे म्हणून सुजातानं शेजारच्या आजीचा नंबर दिला होता. लावला. बऱ्याच वेळानं आजीनं उचलला. आता रात्रीचे दोन वाजून गेलेले, म्हातारं माणूस झोपेत, आणि माझं इंग्रजी म्हणजे औषधांच्या बाटल्यांवरचं. मी जेवढं येत होतं तेवढं एका दमात म्हणालो, "मॅडम, थीफ! बिग मॅन! माय डॉटर नो फोन! बेबी गॉन!"

बेबी का म्हणालो ते विचारू नका. वासराचा इंग्रजी शब्द पन्नास प्रमाणपत्रांवर लिहिलेला आहे मी. ऐन वेळी आठवला नाही.

आजीनं काय समजायचं ते समजलं आणि पुढचे फोन तिनंच लावले. पुढची वीस मिनिटं आमच्या टपरीवर कोणी चहा प्याला नाही. आधी कॅमेऱ्यात गाड्यांचे दिवे चमकले. एक, दोन, पाच. मग निळा दिवा फिरू लागला.

"पोलीस आले, डाक्टर," गोपाळ म्हणाला. "आपल्या इकडं तं तक्रार लिव्हेपर्यंत वासराचा बैल होते."

तो धिप्पाड माणूस हातात दुधाची बाटली घेऊन परत आला आणि दारातच दोन शेतकऱ्यांनी त्याला धरलं. त्याची टोपी पडली. टक्कल दिसलं. टपरीवर टाळ्या पडल्या. मागून आशिष धावत आला, नुसत्या बनियनवर. त्याच्यामागे अंगावर रजई गुंडाळलेली सुजाता. ती दिसली आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. धडधाकट होती. मी गोपाळला म्हटलं, सगळ्यांना चहा दे.

मग कॅमेऱ्यात सगळी माणसं थांबली. आशिष त्या धिप्पाड माणसापुढे हात जोडून उभा राहिला. पोलिसानं वही बंद केली. सुजातानं मान वर करून सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. म्हणजे माझ्याकडे. आणि माझा फोन वाजला.

"बाबा, काय केलं जी तुम्ही? ते मालक आहेत आमचे."

"मालक? मग वासरू कायले नेलं त्यानं?"

"मले ताप आला म्हणून माझ्या जागी ते फेरीवर होते. इकडं वासरू झालं की तासाभरात वेगळं करतात. बाटलीनं चीक पाजतात. तुम्हाला माहीत नाही का?"

माहीत होतं. कुठल्याशा प्रशिक्षणात सांगितलंही होतं. पण कागदावर वाचणं वेगळं आणि गाईच्या जिभेखालून वासरू उचललेलं पाहणं वेगळं. आमच्याकडे गाईचा पान्हा सुटावा म्हणून मेलेल्या वासराचं कातडं भुशानं भरून तिच्यापुढं ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. ओलं वासरू उचलून नेणारा आमच्याकडे चोरच असतो.

मी विचारलं, "आणि गाय?"

"दोन दिवस हंबरते बाबा. मग रुळते."

मी सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले आणि घरी निघालो.

पुढचे तीन दिवस मला जेवण गेलं नाही. जावयाची नोकरी माझ्यामुळे जाते की काय, एवढंच डोक्यात. एवढ्या मेहनतीनं पोरांनी परक्या मुलखात पाय रोवले आणि बापानं एका फोनमध्ये मालकाला पोलिसांच्या हाती दिलं. टपरीवरही गेलो नाही. गोपाळच घरी चहा घेऊन आला आणि एकही टोमणा न मारता परत गेला. असं तो कधी करत नाही.

रविवारी सुजाताचा फोन आला. हसत होती. मालकानं मनावर घेतलं नव्हतं. उलट सगळ्या पंचक्रोशीत तो ही गोष्ट सांगत फिरत होता. पण कॅमेरा कोण किती वेळ पाहतो त्याच्या नोंदीत त्याला दिसलं होतं, की भारतातला एक माणूस रोज पाच-पाच तास त्याचा गोठा पाहतो.

"बाबा, पाच तास? काय पाहता तुम्ही एवढं?"

सांगायची वेळ होती ती. तुला पाहतो, एवढे दोनच शब्द. पण ती हसत होती, कितीतरी दिवसांनी पोटातून हसत होती. आणि मी म्हणालो, "गाई पाहतो. जात चांगली आहे. चौतीस वर्षांची सवय, सुटत नाही."

झालं. माझ्या तोंडानं माझा घात केला.

तिनं ते मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, एवढा जाणकार माणूस फुकटात पहारा देतो आणि त्याच्याकडे दिवस असतो तेव्हा आपली रात्र असते, तर आपण कशाला उठायचं? गाय अडली तर त्यानं फोन करावा. नाही तर सगळ्यांनी झोपावं. सुजाताला तर आनंद मावेना. "बाबा, तुमच्यामुळं माझी रात्रीची फेरी बंद झाली. दोन महिने झाले, सलग झोप नव्हती मले. तुम्ही करान ना?"

तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला त्या कॅमेऱ्यात कधी दिसली नव्हती. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आता मी रोज सकाळी आयर्लंडच्या गोठ्याचा पहारेकरी असतो. साडेसात वाजतात. पिवळा रेनकोट येत नाही. दोनशे गाई रवंथ करत असतात, आणि त्यातली एकही मला पाहायची नसते.

परवा एक तांबडी गाय बेचैन झाली. उठबस करू लागली, शेपूट वर, पाणमोट फुटली, एक खूर दिसला. एकच. मी ताठ बसलो. एक पाय आत दुमडलेला असेल तर फोन करावा लागणार, आणि फोन केला की सुजाता धावत येणार. मी नंबर काढून त्यावर अंगठा धरून बसलो. मनात म्हणत होतो, अड गं बाई, थोडीशी अड.

दुसरा खूर आला, मागून नाक आलं, आणि दहा मिनिटांत वासरू गवतावर. गाय वळून त्याला चाटू लागली. मी फोन खाली ठेवला.

गोपाळ खांद्यावरून वाकून पाहत होता. म्हणाला, "सुटली ना बिचारी? मंग तुमी तोंड पाडून कायले बसले, डाक्टर?"

गाय अडली नाही म्हणून, हे या गावातल्या गुरांच्या डॉक्टरनं त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?