चिकाचा तांब्या

ये गं, अशी जवळ बस जरा. एकाच शहरात बेळ्ळंदूरहून जयनगरला यायला नातीला सवड नाही, तर आजीनं कागदावरच जवळ बोलवायचं, नाही का? दुधाच्या पिशवीवरचा लायसन्सचा नंबर मोबाईलवर टाकला की दूध कुठून आलं ते कळतं, हे फोनवर शिकवलंस आणि मोकळी झालीस. पुढं काय झालं, विचारलंस?

आपल्या मागच्या गल्लीत गायी पाळणारी अक्का होती बघ. गाय व्याली की खरवसासाठी तांब्याभर चीक पाठवायची. चिकाचं भांडं आपल्याकडून रिकामं कधी गेलं नाही. तांदूळ आणि गुळाचा खडा घालूनच द्यायचं. शेवटचा तांब्या आला त्याच आठवड्यात तिचा गोठा पाडला. "गावी जाते, तिकडं डेअरीला दूध घालीन," एवढं शेजारणीला सांगून ती गेली. गाव कनकपुऱ्याकडं कुठंतरी, इतकंच मला ठाऊक. तांब्या माझ्याकडंच राहिला.

आणि परवा पिशवीचा पत्ता निघाला तो कनकपुरा रोडचा! म्हटलं, सापडली. तांब्यात तांदूळ-गूळ घातला, फडकं बांधलं आणि रिक्षा केली.

गेटावरच्या माणसाला मी कानडीत सगळं सांगितलं, पिशवी दाखवली.

"अज्जी, इथं टँकर येतात, गायी नाही येत. हा पत्ता दूध पिशवीत भरतात तिथला. कुणाच्या गायीचं, कसं सांगू?"

"स्वल्प, जरा आत विचारून बघ की रे."

"विचारतो. गायीचं नाव सांगा!"

हसला मेला. पण खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "गावोगावी दूध गोळा करायची केंद्रं असतात, सकाळी सगळे तिथं येतात. तिथं विचारा."

त्याच रिक्षानं, तांब्या मांडीवर घेऊन परत आले. कदाचित रोज तिच्याच गायीचं दूध मी तापवत असेन गं, आणि तिला वाटत असेल, मराठी बाईनं भांडं ठेवून घेतलं.

तांदूळ डब्यात परत ओतवेनात. तांब्या ओट्यावर तसाच आहे. एकेका गावाला एकटीनं जायला गुडघे साथ देत नाहीत, आणि ती तर माझ्याहूनही मोठी. गाडी तुझ्याकडं आहे. या शनिवारी मुक्कामालाच ये, रविवारी सकाळी निघू. लवकर ये गं.