रिसालदारांचा वाकडा रस्ता

सत्यवान परब १९९८ साली आपल्या समुद्रकाठच्या गावी, मिठबावला परतले ते घोडदळातली रिसालदारी, राजस्थानच्या सीमेवर भाजलेली कातडी आणि हुकमाची सवय घेऊन. २००२ साली लोकांनी त्यांना जिल्हा परिषदेत धाडलं. घोड्यावरचा माणूस खुर्चीवर बसला, पण लगाम काही हातातून सुटेना.

त्यांचं वचन एकच होतं, किनाऱ्याचा रस्ता. आजारी माणसाला डोलीत घालून वाळू तुडवावी लागे. रिसालदारांनी भांडून मंजुरी आणली, नकाशावर पट्टी ठेवली आणि सरळ रेघ मारली. ती गेली नेमकी रापणीच्या मासेमारीची जाळी वाळवायच्या जागेतून. रापणकर संमतीवर सही करेनात. मार्च उलटला की मंजुरी रद्द.

"ह्यांच्याच म्हाताऱ्यांसाठी मरतंय मी, आणि हे सही करनत नाय!" रिसालदार घरी येऊन कडाडले.

बायको आनंदी कोकमाची जुनी सोलं उन्हात घालत होती. "कधी त्यांच्या दोराक हात लावलात? नाय मा? मग सही खंयसून मिळतली?"

सकाळी ते किनाऱ्यावर गेले. रापणीत जाळं समुद्रात गोल टाकतात आणि दोन टोळ्या दोन टोकांचे दोर वाळूवरून ओढतात. रिसालदार एका दोराला भिडले आणि गरजले, "एक, दो, जोर से!" टोळीला चेव आला. त्यांची बाजू वीस पावलं पुढे, जाळं तिरकं, आणि बांगड्यांचा अख्खा घोळका दुसरीकडून पसार.

रापणीचा म्होरक्या बाबली कुबल ओरडला नाही. "रिसालदारानू, घोडो एकटो धावता. हय समोरच्या टोळीचे पाय बघूचे लागतत. थय पाऊल पडला, मगे आपला."

"चुकलंय मी," रिसालदार म्हणाले. हा शब्द आनंदीनेही कधी ऐकला नव्हता.

पुढचे नऊ दिवस ते तोंड मिटून ओढत राहिले. दोराला हात लावील त्याला वाटा, हा रापणीचा कायदा. पण हे रिकाम्या हाताने परतत. दहाव्या दिवशी बाबलीने चार बांगडे त्यांच्यापुढे धरले. "घेवा. वाटो नाकारता तो परको."

रिसालदारांनी रुमाल पसरून ते घेतले. मग खिशातला नकाशा काढला. "रस्तो खंयसून न्हेव, तां तूच दाखव."

बाबली वाळूत टाचेने रेघ ओढत जाळ्यांना वळसा घालून केवड्याच्या बनाकडून चालत गेला. मागोमाग रिसालदार खुंट्या मारत गेले. संध्याकाळी सह्या झाल्या.

रस्ता झाला, पण वळण असं की एसटीचा ड्रायव्हर रोज शिव्या घाली. २००७ साली मतदारसंघ महिलांसाठी राखीव झाला आणि खुर्ची गेली. २०१० च्या मोसमातही रिसालदार सकाळी त्याच वळणावरून दोर ओढायला खाली उतरत. वाट्यासाठी पिशवी घरूनच नेत.