डब्यातला अडुळसा

अडुळशाचा काढा उकळायला लागला, की त्या कडवट वासानं मला बजाजनगरातलं आमचं भाड्याचं घर आठवतं. त्या दुष्काळात टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि वडलांचा खोकला थांबायचं नाव घेत नव्हता. काढ्यापुरता अडुळसा दारात तेलाच्या डब्यात लावलेला. तो जगावा म्हणून मी गुपचूप आंघोळ सोडली आणि ते पाणी त्याला घालू लागलो. आपण फार मोठा त्याग करतोय असं वाटायचं. माझ्या अंगाचा वास घरच्यांना येत असणार. तरी पानं पिवळी पडून गळू लागली. शेजारच्या चाचींनी डबा कलता केला, तर आत नुसता चिखल. "पाणी कोण घालतं याला?" आई म्हणाली, "मी, तांदळाचं धुवण." वडील खोकत म्हणाले, "थोडं मी बी घालतो." मी मान खाली घातली. चाची म्हणाल्या, "दुष्काळात बुडून मरणारं झाड पहिल्यांदाच बघतेय. बेटा, तू आधी जाऊन नहा." त्यांनीच एक हिरवी फांदी तोडून आपल्या अंगणात खोचली आणि आम्हाला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही. पुढच्या थंडीत वडलांचा काढा तिच्याच पानांचा झाला. तिचीच एक फांदी आज माझ्या दारात पांढरी फुललीय, आणि तिला तांब्याभर पाणी घालायचं तरी मी आधी घरात सगळ्यांना विचारून येतो.